मोठा फिफ्थ व्हील ट्रेलर ओढायचा तर ट्रक आणि हिच कसा निवडायचा

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना आता आरव्हीचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, वेड लागलंय. मुलांना सुट्ट्या लागल्या की यलोस्टोन, झायन, बॅन्फ, एक-दोनदा भाड्याने घेऊन झालं की मग स्वतःचा घ्यावासा वाटतो, त्यात भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर मोठाच पाहिजे, म्हणजे चाळीस फुटी फिफ्थ व्हील (ज्याचा पुढचा भाग ट्रकच्या मागच्या उघड्या बेडवर टेकतो असा ट्रेलर), तीन-चार स्लाइड-आउट, म्हणजे उभा केल्यावर बाहेर सरकणारे भाग, वेगळी बेडरूम, नीट स्वयंपाक करता येईल असा ओटा. इथपर्यंत सगळं छान चालतं. घोळ होतो तो ट्रक घेताना, कारण बहुतेक जण जाहिरातीतला टोईंगचा आकडा बघतात, "हा ट्रक २०,००० पौंड ओढतो, आपला ट्रेलर १६,००० चा, म्हणजे झालं काम" असं म्हणतात आणि सही करून मोकळे होतात.

माझं म्हणणं एकच आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे: ट्रक किती ओढतो हे नंतर बघा, ट्रक पाठीवर किती पेलतो, म्हणजे त्याचा पेलोड, हे आधी बघा. मोठ्या फिफ्थ व्हीलच्या बाबतीत ओढायची ताकद सहसा कमी पडत नाही, पेलोड कमी पडतो. आणि तो कमी पडला की भार मागच्या ॲक्सलवर, टायरवर आणि ब्रेकवर येतो, आणि त्या ट्रकमध्ये आपलीच माणसं बसलेली असतात.

पायरी १: आधी ट्रेलर ठरवा

ट्रक आधी घेऊन मग त्याला साजेसा ट्रेलर शोधणारे बरेच असतात, आणि मग शोरूममध्ये बायको-मुलांना जो ट्रेलर आवडतो तो नेमका त्या ट्रकच्या ताकदीबाहेरचा निघतो. म्हणून आधी ट्रेलर नक्की करा, निदान कुठल्या वजनाचा घ्यायचा ते तरी. ट्रेलरवर दोन आकडे असतात. एक ड्राय वेट, म्हणजे फॅक्टरीतून बाहेर पडताना रिकाम्या ट्रेलरचं वजन, आणि दुसरा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानसुमान भरून जास्तीत जास्त किती होऊ द्यायचं ते. ड्राय वेट विसरून जा. त्या वजनाने तुम्ही ट्रेलर कधीच ओढणार नाही. बॅटऱ्या, गॅसचे सिलेंडर, गाद्या, कपडे, खुर्च्या, सायकली आणि आपल्या घरची स्वयंपाकाची तयारी म्हणजे कुकर, मिक्सर, तांदळाची आणि आट्याची वीस-वीस पौंडी पोती, हे सगळं त्यात चढतं. पाण्याची टाकी वेगळीच, एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड तिथेच वाढले. म्हणून सगळी गणितं जीव्हीडब्ल्यूआर धरून करा.

मग येतं पिन वेट. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग ट्रकच्या बेडमधल्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, टेकतो, तिथे किंगपिनमधून, म्हणजे ट्रेलरखालच्या जाड खुंटीतून, ट्रेलरचा जो भार ट्रकवर येतो तो पिन वेट. ब्रोशरमध्ये हिच वेट म्हणून जो आकडा छापतात तो रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यावरही जाऊ नका. भरलेल्या ट्रेलरच्या २० ते २५ टक्के पिन वेट धरायचं, मी २२ टक्के धरून चालतो. १६,००० पौंडाला ३,५२० पौंड झाले.

यात ट्रेलरची रचना फार महत्त्वाची आहे. गावाकडे बैलगाडी भरताना बघितली असेल त्यांना हे लगेच कळेल, पुढे माल जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो, मागे जास्त झाला की उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. इथेही तसंच. पुढच्या बेडरूमच्या कपाटात वॉशर-ड्रायर बसवला, पुढच्या पोटातल्या स्टोरेजमध्ये जनरेटर आणि चार बॅटऱ्या टाकल्या की पिन वेट पटकन वाढतं. टॉय हॉलर, म्हणजे मागे गॅरेज असलेला ट्रेलर, रिकामा असताना पिनवर खूप जड असतो आणि मागे बाईक किंवा एटीव्ही चढवली की पिन हलकं होतं, त्यामुळे टॉय हॉलर घेणाऱ्याने दोन्ही परिस्थितींचा हिशोब करावा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे हेही विचारून घ्या.

पायरी २: ट्रकच्या दारातलं स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, बी-पिलरवर म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबावर, टायर आणि लोडिंगच्या माहितीचं एक छोटं स्टिकर असतं, पांढरं आणि वर पिवळी पट्टी. त्यावर एक वाक्य असतं की प्रवासी आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडापेक्षा जास्त होता कामा नये. हा त्या ट्रकचा पेलोड. त्या मॉडेलचा सरसकट आकडा नाही, तुमच्या समोर उभ्या असलेल्या त्याच एका ट्रकचा, त्याला फॅक्टरीत लावलेलं सनरूफ, लेदर सीट, फोर बाय फोर सगळं वजा करून. म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन ट्रकमध्ये कित्येकशे पौंडांचा फरक निघतो, आणि सगळ्यात महागडं ट्रिम घ्याल तर पेलोड सगळ्यात कमी मिळेल. डीलरच्या लॉटमध्ये गेलात की किमतीच्या कागदाआधी या स्टिकरचा फोटो काढा. सेल्समन म्हणेल "अहो हा वन-टन आहे, काहीही ओढेल", म्हणू दे, आपण फोटो काढायचा. वापरलेला ट्रक असेल तर मागच्या मालकाने नंतर काय काय बसवलंय ते बघा, जड बंपर, बेडवरचं टॉपर, जादा डिझेल टाकी, ते सगळं स्टिकरच्या आकड्यातून वजा होतं.

आता एक गणित करून दाखवतो. ४० फुटी ट्रेलर, भरून १६,००० पौंड, पिन वेट ३,५२०. हिच स्वतः साधारण २०० पौंड. नवरा-बायको, दोन मोठी होत आलेली मुलं, सगळे मिळून ६००. बेडमध्ये टूलबॉक्स, ठोकळे, थोडं सामान १५०. बेरीज ४,४७०. यात आईबाबा धरलेले नाहीत, ते आले की आणखी ३०० धरा, म्हणजे ४,७७०. जादा डिझेल टाकी टाकायची असेल तर डिझेल गॅलनला साधारण ७ पौंड, ५० गॅलनचे ३५० आणखी.

हा आकडा ट्रकच्या स्टिकरशी ताडून बघा. चार दारांचे, फोर बाय फोर, डिझेल ट्रक धरले तर थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवी सिल्व्हराडो २५००, यांचा पेलोड बहुधा २,००० ते ३,००० च्या मधे कुठेतरी. वन-टन पण मागे एकेकच टायर असलेले, म्हणजे सिंगल रिअर व्हीलवाले एफ-३५०, रॅम ३५००, सिल्व्हराडो ३५००, हे ४,००० च्या आगेमागे. आणि मागे चार टायर असलेली डुअली ५,००० च्या वर, बऱ्याचदा ५,५०० च्या पुढे. आता तुम्हीच बघा आपल्या ४,७७० ला कुठला ट्रक लागतो. आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच थ्री-क्वार्टर-टन ट्रकच्या जाहिरातीत टोईंग १८-२० हजार लिहिलेलं असतं, इंजिन तेवढं ओढतंही.

तो जाहिरातीतला आकडा अगदीच हवेतला नसतो. एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या चढावर एसी फुल ठेवून ट्रेलर ओढून दाखवावा लागतो, वेग ४० मैलांच्या खाली जाता कामा नये, डुअलीला ३५ ची सूट. कसोटी चांगलीच कडक आहे. पण त्या हिशोबात ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्या ट्रकमध्ये पूर्ण घर बसणार असतं.

आणखी एक, एअरबॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार म्हणून बसवायच्या हवेच्या पिशव्या. "मागून ट्रक बसतोय? एअरबॅग टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. एअरबॅगने ट्रक सपाट दिसतो, चालवायलाही बरं वाटतं, पण पेलोड एक पौंडानेही वाढत नाही. ॲक्सल तीच, टायर तेच, ब्रेक तेच, फ्रेम तीच.

पायरी ३: सिंगल की डुअली

१२,००० पौंडांपर्यंतचा ट्रेलर असेल तर चांगल्या पेलोडचा सिंगल रिअर व्हील वन-टन पुरतो. १२ ते १४ मध्ये स्टिकर आणि तुमचं कुटुंब बघून ठरवा. १४,००० च्या वर गेलात की माझ्या मते डुअलीच घ्या, यावर फार चर्चा करण्यासारखं काही नाही.

कारण फक्त पेलोड नाही. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात आडवा वारा सुटतो तेव्हा तेरा फुटांवर उंचीची ही भिंत ट्रकला ढकलत असते, तिथे मागच्या चार टायरचा रुंद पाय काय असतो ते स्टीअरिंगला कळतं. आणि मागचा एक टायर फुटला तर शेजारी दुसरा असतो, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

तोटेही सांगतो. मागून रुंदी साधारण आठ फूट. घरच्या गॅरेजमध्ये जात नाही, ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये जात नाही, पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी नेऊच नका. सहा टायर बदलायचा खर्च. रिकामी असताना बर्फावर मागून घसरते, बेडमध्ये थोडं वजन टाकावं लागतं. आणि कॉलनीच्या एचओएचा, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचा, नियम आधी वाचा, कित्येक ठिकाणी ड्राइव्हवेवर असा ट्रक उभा करू देत नाहीत, ट्रेलर तर नाहीच नाही. ऑफिसला जायलाही हाच ट्रक वापरायचा असेल तर मनापासून सांगतो, ट्रेलर लहान घ्या. मोठा ट्रेलर आणि छोटा ट्रक यापेक्षा छोटा ट्रेलर आणि त्याला शोभेल असा ट्रक कधीही चांगला.

एफ-४५० पिकअपबद्दल लोक विचारतात. त्याचा पुढचा ॲक्सल रुंद असल्यामुळे तो कमी जागेत वळतो, कॅम्पग्राऊंडमध्ये त्याचं सुख आहे, पण पेलोड एफ-३५० डुअलीपेक्षा जास्त मिळेलच असं धरू नका, स्टिकर बघा.

पायरी ४: डिझेल की पेट्रोल

ज्याला इथे गॅस म्हणतात ते पेट्रोल इंजिन आता पूर्वीसारखं मागे राहिलेलं नाही, फोर्डचं ७.३, जीएमचं ६.६, रॅमचं ६.४ हेमी, तिन्ही दमदार आहेत. पेट्रोल ट्रक डिझेलपेक्षा साधारण १०,००० डॉलरने स्वस्त, आणि इंजिन हलकं असल्यामुळे त्याच ट्रकचा पेलोड कित्येकशे पौंडांनी जास्त. सपाट प्रदेशात राहता, टेक्सस, फ्लोरिडा, इलिनॉय, वर्षातून दोन-चारदा जाणार, ट्रेलर १२,००० च्या आत, तर पेट्रोल घ्या आणि पैसे वाचवा.

पण चाळीस फुटी ट्रेलर आणि डोंगर म्हटलं की डिझेल. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेत गेलेली असते. डिझेलचा टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. खरं सुख मात्र चढावर नाही, उतारावर आहे. त्याच बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा लांबच लांब उतार आहे, मागून १६,००० पौंड ढकलतायत आणि तुम्ही सारखा ब्रेक दाबत राहिलात तर ब्रेक तापून निकामी होतात. एक्झॉस्ट ब्रेक चालू केला की टर्बो एक्झॉस्टला अडवतो, इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं, तुम्ही ३५-४० ला खालचा गिअर लावायचा आणि ब्रेक पेडलला मधूनमधूनच पाय लावायचा. कॅलिफोर्नियातला ग्रेपव्हाइन, टेनेसीतला मॉन्टईगल, ओरेगॉनमधली कॅबेज हिल, सगळीकडे हेच. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये उतरू नका, हे आपल्याकडचे एसटीचे ड्रायव्हर सांगायचे तेच इथेही लागू.

फोर्ड पॉवरस्ट्रोक, रॅम कमिन्स, जीएम ड्युरामॅक्स यात कुठलं चांगलं यावर भांडणारे खूप आहेत. तिन्ही चांगली आहेत. घराजवळ ज्याचा चांगला डिझेल मेकॅनिक आहे ते घ्या. डिझेलला डीईएफ, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारं द्रव, भरावं लागतं आणि एक्झॉस्टमधला फिल्टर स्वतःला साफ करायला इंजिन पूर्ण तापावं लागतं, त्यामुळे रोज पाच मैल ऑफिस आणि परत एवढंच चालवाल तर डिझेल कुरकुर करणार.

ॲक्सल रेशो हा छोटासा आकडा लोक बघत नाहीत. ३.५५, ३.७३, ४.१०, आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि डिझेलचा खर्चही थोडा जास्त. एकाच ट्रकचं टो रेटिंग नुसत्या रेशोने हजारो पौंडांनी बदलतं. जड ट्रेलरला कंपनी देईल तो मोठा रेशो घ्या.

पायरी ५: बेड आठ फुटी घ्या

जमत असेल तर आठ फुटीच. हिच मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे बसवायचा असतो, मागे नाही, नाहीतर ट्रकचं पुढचं टोक हलकं होतं. आता साडेसहा फुटी बेडमध्ये ॲक्सल ते कॅबमधलं अंतर कमी असतं, त्यामुळे पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पसाइटमध्ये रिव्हर्स घेताना ट्रक आणि ट्रेलर काटकोनाच्या जवळ आले की ट्रेलरचा पुढचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेत घुसतो. हल्लीच्या ट्रेलरचे पुढचे कोपरे कापलेले असतात म्हणून थोडा दिलासा मिळतो, पण "आमचा ट्रेलर शॉर्ट बेडला चालतो" या सेल्समनच्या शब्दावर काच पणाला लावू नका, रिकाम्या मैदानात एक माणूस खाली उभा करून हळूहळू वळवून बघा.

शॉर्ट बेड आधीच घरात असेल तर तीन वाटा आहेत. स्लायडर हिच, म्हणजे वळायच्या आधी उतरून दांडा ओढायचा आणि हिच मागे सरकवायचा, फक्त हळू चालवताना. ऑटोमॅटिक स्लायडर, पुलराइटचा सुपरग्लाइड त्यात नावाजलेला, वळताना आपोआप मागे सरकतो, पण जड आणि महाग, आणि ते वजन पुन्हा पेलोडमधून जातं. तिसरा, ट्रेलरचा पिन बॉक्सच, म्हणजे किंगपिन ज्यात बसवलेला असतो तो पुढचा भाग, बदलायचा, रीसचा साइडवाइंडर फिरण्याचा बिंदू २२ इंच मागे नेतो, त्यासोबत हिचमध्ये बरोबर मापाची पाचर बसवावी लागते म्हणजे हिचचं डोकं स्वतः फिरत नाही.

पायरी ६: हिच

काम तेच जे आपल्याकडे न्हावा शेवाच्या कंटेनर ट्रेलरमध्ये होतं: ट्रेलरच्या खाली दोन इंची किंगपिन, ट्रकवर एक प्लेट, प्लेटमधले जबडे पिनच्या मानेभोवती बंद होतात. निवडताना हे बघा.

जबडा. स्वस्त हिचमध्ये एका बाजूने सरकणारी पट्टी पिनला अडवते, चांगल्यात दोन जबडे पिनला सगळीकडून कवटाळतात. जड ट्रेलरला दुसराच. पिनशी जितकी मोकळीक कमी तितका चालवताना खडखडाट आणि धक्के कमी.

डोकं. चारही दिशांना हलणारं घ्या, फक्त पुढे-मागे हलणारं नको, कारण कॅम्पसाइटवर ट्रक आणि ट्रेलर एका पातळीत कधीच नसतात.

रेटिंग. दोन असतात, ओढण्याचं आणि पिनवरच्या भाराचं. १६,००० च्या ट्रेलरला २०,००० चा हिच घ्या, त्यात पिनचं रेटिंग साधारण ५,००० असतं. हिचचं रेटिंग जास्त म्हणून ट्रकची कुवत वाढत नाही, सगळ्यात कमी आकडा ज्याचा तोच तुमचा खरा आकडा.

बसवायची पद्धत. नवा ट्रक घेत असाल तर ऑर्डर करतानाच फिफ्थ व्हील-गूजनेक (गूजनेक म्हणजे बेडमधल्या बॉलवर बसणारी जोडणी) प्रेप पॅकेज टाका, बेडमध्ये चार खाचा येतात ज्यांना पक म्हणतात, हिचचे पाय त्यात बसवायचे आणि पाव फिरकी देऊन लॉक करायचे. हिच काढला की बेड मोकळा सपाट, सोफा न्या नाहीतर गणपतीचं सामान. पाय मात्र ट्रकच्या कंपनीप्रमाणे वेगळे असतात, जुना हिच घेताना हे नक्की तपासा. पक नसतील तर बेडला रेल बोल्ट कराव्या लागतात, किंवा बी अँड डब्ल्यूची टर्नओव्हर बॉल गूजनेक बेडखाली बसवून त्याच्यावर त्यांचा कंपॅनियन हिच उभा करता येतो, ही जोडी मला फार पसंत आहे, बेडमध्ये कायमची रेल राहत नाही. अँडरसनचा ॲल्युमिनियमचा हिच चाळीस पौंडांच्या आसपास, एकट्याने उचलता येतो, पाठीचा त्रास असलेल्यांनी तो जरूर बघावा, पण त्यात किंगपिनवर एक कपलर चढवून तो बॉलवर बसवतात, पद्धत वेगळी आहे.

किंगपिनला नुसता लांब गूजनेक ॲडॅप्टर लावायचा सल्लाही मिळेल. त्याने तरफ लांब होते आणि ट्रेलरच्या फ्रेमवर जास्त ताण येतो, त्यामुळे फ्रेम बनवणाऱ्या कंपनीला चालतं का हे लेखी विचारल्याशिवाय लावू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो.

उंचीही याच वेळी जमवून घ्या. बेडच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत निदान सहा इंच मोकळे पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात किंवा ड्राइव्हवे चढताना बेडची कड चेपते. आणि तरीही ट्रेलर सपाट उभा राहिला पाहिजे, नाक वर राहिलं की ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार जातो. हिचची उंची आणि पिन बॉक्सची भोकं वरखाली करून दोन्हीचा मेळ घालायचा. सगळं झाल्यावर ट्रेलरची सगळ्यात उंच जागा, बहुधा एसी, जमिनीपासून स्वतः टेपने मोजा आणि तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. बरेच ट्रेलर १३ फूट ६ इंचाच्या जवळ असतात. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हसारख्या कमी उंचीच्या पुलांच्या रस्त्यांवर तर आपल्याला जायचंच नाही, आणि साधा फोनचा मॅप पुलाची उंची सांगत नाही, आरव्हीची उंची टाकता येते असा नेव्हिगेशन वापरा.

पायरी ७: लायसन्स

बहुतेक राज्यांत स्वतःच्या वापराच्या आरव्हीला कमर्शियल लायसन्स लागत नाही, पण काही राज्यांत वेगळं नॉन-कमर्शियल लायसन्स लागतं. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए. टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलरचं मिळून रेटिंग २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर क्लास ए, आणि १४,००० ची डुअली अधिक १६,००० चा ट्रेलर म्हणजे तुम्ही त्यात आलातच. ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोवरच्या ट्रेलरला वेगळं एन्डॉर्समेंट आहे. ट्रेलर घ्यायच्या आधी आपल्या राज्याच्या साइटवर वाचून घ्या. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ आहे हेही तिथून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पायरी ८: जोडताना

यात घाई नाही, आणि त्यावेळी कोणी बोलायला आलं तर नम्रपणे थांबवा. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. टेलगेट खाली. ट्रेलरची उंची अशी ठेवा की किंगपिनभोवतीची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा-एक इंच खाली असेल, म्हणजे ट्रक मागे येताना हिच तिच्याखाली घुसून तिला किंचित उचलतो. ट्रेलर जास्त उंच ठेवलात तर पिन जबड्यांच्या वरच्या बाजूला अडकतो, खट् आवाजही येतो, बसल्यासारखं वाटतं, आणि पहिल्याच वळणावर ट्रेलर सुटून बेडच्या कडांवर आदळतो. म्हणून आवाजावर कधीच भरवसा ठेवू नका.

सरळ मागे या, जबडे बंद झाले की पार्किंग ब्रेक लावून उतरा, हातात टॉर्च घ्या आणि वाकून बघा. दोन प्लेटमध्ये फट नको, पलीकडचा उजेड दिसता कामा नये. जबडे पिनच्या बारीक मानेभोवती पूर्ण मिटलेले दिसले पाहिजेत. हिचचा दांडा पूर्ण आत, त्यात सेफ्टी पिन. मग दिवे आणि ब्रेकची सात पिनांची केबल लावा आणि ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी, ट्रकला अडकवा, हिचला नाही, कारण हिचसकट ट्रेलर सुटला तर हिचला बांधलेली केबल ओढलीच जाणार नाही आणि ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत.

आता लँडिंग गिअर, म्हणजे ट्रेलरचे पुढचे पाय, जमिनीपासून इंचभरच वर घ्या, ठोकळे तसेच ठेवा, ट्रकमध्ये बसून ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबा आणि ट्रक ड्राइव्हमध्ये टाकून हलकेच पुढे ओढा. धरून राहिला तर बसलाय. पिन बसला नसेल तर ट्रेलर इंचभरच खाली येईल, ट्रकचं बेड वाचेल. हे दरवेळी करायचं, पंपावरून परत आलात आणि मधे कोणी दांड्याला हात लावला असेल अशी शंका आली तरी. मग पाय पूर्ण वर, टेलगेट वर, दिवे, इंडिकेटर बघा, ठोकळे काढा.

पायरी ९: वजनकाट्यावर न्या

ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, पैसे फार लागत नाहीत. सगळं कुटुंब, पाणी, सामान, भरलेली डिझेल टाकी घेऊन, जसे प्रवासाला जाता तसेच जा. पुढचा ॲक्सल पहिल्या प्लॅटफॉर्मवर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. कागदावर तीन आकडे येतात. मग ट्रेलर जवळच सोडून नुसता ट्रक पुन्हा तोला, पुन्हा तोलण्याचे पैसे कमी असतात. ट्रेलरसकट ट्रकच्या दोन ॲक्सलची बेरीज वजा नुसत्या ट्रकचं वजन म्हणजे तुमचं खरं पिन वेट. ट्रेलरचं एकूण वजन म्हणजे त्याच्या चाकांवरचं अधिक हे पिन वेट.

हे आकडे चार ठिकाणी ताडून बघा: ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर, मागच्या ॲक्सलचं रेटिंग, टायरवर छापलेली क्षमता आणि ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर. सिंगल रिअर व्हीलवाल्यांनी मागचा ॲक्सल नीट बघावा, त्याचं रेटिंग बहुधा ७,००० ते ७,३०० असतं, रिकाम्या ट्रकचाच त्यावर सव्वातीन-साडेतीन हजार भार असतो, त्यात ३,५०० चं पिन टाकलं की हातात काहीच उरत नाही.

मागच्या ॲक्सलवरचा भार रेटिंगच्या थोडाच वर गेला असेल तर आधी ट्रकच्या बेडमधलं सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर हलवा, पुढच्या स्टोरेजमधलं जड सामान मागे न्या पण अगदी शेपटाला नको, पिन १५ टक्क्यांच्या खाली गेलं तर ट्रेलर डोलायला लागतो. पाण्याची टाकी पुढे असेल तर ती कॅम्पग्राऊंडवर पोचल्यावर भरा. पाचशे-सातशे पौंडांनी वर असेल तर सामान हलवून ते जमणार नाही, ट्रक किंवा ट्रेलर यातलं एक बदलावं लागेल, म्हणून जमलं तर डीलरकडे पूर्ण पैसे भरायच्या आधीच ट्रेलर काट्यावर न्यायची परवानगी मागा. काही डीलर देतात. तोललेली पावती ट्रेलरच्या कागदांबरोबर ठेवा आणि पुढच्या मोसमात नवा वॉशर, सोलर पॅनेल, जादा बॅटरी असं काही बसवलंत की परत एकदा काट्यावर जा.